एकाच चाकाचं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं? ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीचा अनुभव आणि उपाय

पाठीमागची ट्रॉली, मागचा एक्सल, डावं चाक. गेल्या हंगामात या एका चाकानं मला तीन वेळा रस्त्यावर बसवलं. बाकीच्या सात चाकांनी कुरकुर केली नाही. तेच ग्रीस, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर. तिसऱ्या वेळी कारण सापडलं आणि ते बेअरिंगमध्ये नव्हतंच. ज्यांच्या ट्रॉलीला असं एखादं ‘लाडकं’ चाक आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीची माहिती, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. एका ट्रॅक्टरला दोन चार-चाकी ट्रॉल्या, ब्रेक फक्त ट्रॅक्टरला. कारखाना ३२ किलोमीटरवर, दिवसाला एक खेप. दोन्ही ट्रॉल्या मिळून २२ ते २५ टन ऊस. हे वजन जास्त आहे, मला ठाऊक आहे. त्यावर पुढे बोलतो. हबमध्ये, म्हणजे एक्सलच्या टोकावर फिरणाऱ्या चाकाच्या मधल्या भागात, दोन टेपर (निमुळत्या) रोलरची बेअरिंग: आतल्या बाजूला, म्हणजे एक्सलच्या अंगाला, मोठं ३२२१३ आणि बाहेर, नटाच्या अंगाला, लहान ३२२१०. तुमच्याकडे नंबर वेगळे असतील. शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. १३ म्हणजे ६५, १० म्हणजे ५०. दुकानात जाताना जुना नंबर पुसला गेला असेल तर हा हिशेब कामाला येतो.

तीन वेळा काय झालं

पहिल्यांदा डिसेंबरात, पेठ-सांगली रस्त्यावर. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं ओरडून सांगितलं की चाकातून धूर निघतोय. हबला हात लावायची सोय नव्हती. गार झाल्यावर उघडलं तर बाहेरच्या बेअरिंगचं ग्रीस जळून डांबरासारखं झालेलं. मिस्त्री म्हणाले, “ग्रीस कमी पडलं आसंल, दुसरं काय?” नवा कोन (बेअरिंगचा आतला, रोलरवाला भाग) टाकला, मूठभर ग्रीस कोंबलं आणि रात्रीची खेप केली.

सतरा दिवसांनी पुन्हा तेच चाक. या वेळी मिस्त्रींचा निकाल असा की बेअरिंग डुप्लिकेट होतं. तशी बेअरिंगं बाजारात असतात, ते खोटं नव्हतं. म्हणून सांगलीला जाऊन चांगल्या कंपनीची दोन्ही बेअरिंगं आणली, सीलही (ग्रीस आत आणि पाणी-माती बाहेर ठेवणारी कडी) नवं घेतलं. आता हंगाम निभावेल असं वाटलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फडातून भरून बाहेर पडताना चाक वरच्या बाजूनं आत कललं. उतरवलं तर आतल्या बेअरिंगचा पिंजरा (रोलर जागेवर धरणारी जाळी) तुटून रोलर हबमध्ये खुळखुळत होते. नट आणि तो फिरू न देणारी स्प्लिट पिन शाबूत होते म्हणून चाक निघून रस्त्यावर गेलं नाही. ऊस दोन दिवस ट्रॉलीत वाळला, वजन घटलं आणि ऊसवाल्याचे बोल ऐकावे लागले ते वेगळेच. टोळीच्या मुकादमानं मात्र एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. “मालक, येवढं महागाचं बेरिंग बी त्याच चाकात गेलं, तर मग चूक बेरिंगची कशी?”

ट्रॉलीचं बेअरिंग तापायला मुळात कारणच नाही

हे थोडं विचार करण्यासारखं आहे. भरलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालते. चाकाचा व्यास साधारण ९० सेंटीमीटर धरला तर मिनिटाला सव्वाशे फेरेसुद्धा होत नाहीत. हमरस्त्यावर ताशी १०० नं जाणाऱ्या मोटारीचं चाक त्याच मिनिटात साडेआठशेच्या वर फिरतं. इतक्या कमी फेऱ्यांत, तेही ब्रेक नसलेल्या हबमध्ये, बेअरिंग कोमट होण्यापलीकडे जायलाच नको. ते जळलं, तर समजा की ‘थोडंसं ग्रीस कमी’ एवढ्यावर हे भागणारं नाही. काहीतरी ते बेअरिंग पिळतंय, घासतंय किंवा आत पाणी-माती नेतंय.

वजनाचं मात्र गणित आहे आणि ते कटू आहे. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या सव्वातीन घाताच्या जवळपास घटतं. पुस्तकात हा घात १० भागिले ३ असा असतो. म्हणजे ठरलेल्या भारापेक्षा सव्वापट भार टाकला की आयुष्य निम्म्याहून कमी. दीडपट टाकला तर चौथाई उरतं. बारा टन ऊस आणि अडीच टनांची रिकामी ट्रॉली चार चाकांवर वाटली तर चाकी साडेतीन टनांच्या वर जातात, आणि हे सपाट रस्त्यावर, मोळ्या सारख्या रचल्या असतील तर. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, रस्त्याला बाहेरच्या अंगानं उतार असतो, समोरून एसटी आली की डावं चाक साईडपट्टीवर उतरतं आणि खड्ड्यातून पुन्हा वर चढतं. डावी बाजू आधी थकते ती यामुळे.

पण वजन सगळ्या चाकांवर होतं. पुढची डावी, मागची डावी, चारही डावी चाकं तीच साईडपट्टी खात होती. गेलं ते एकच. तेव्हा वजनाला दोष देऊन मोकळं होता येत नव्हतं.

काढलेलं बेअरिंग फेकू नका

तिसऱ्या वेळी मिस्त्री तुटलेले तुकडे भंगारच्या डब्यात टाकत होते. ते मी थांबवलं. सगळं डिझेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडलं. मग डब्यात हात घालून आधीच्या दोन वेळचे कोनही शोधून काढले, कारण भंगारवाला मधल्या काळात आलाच नव्हता. तीन कोन शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते आधीच बघायला हवं होतं.

नवख्यांसाठी दोन शब्द सांगतो. टेपर बेअरिंगचे दोन भाग असतात. बाहेरची रिंग हबमध्ये ठोकून बसवलेली असते, तिला कप म्हणायचं. आतली रिंग, तिच्यावरचे रोलर आणि पिंजरा मिळून कोन. कप चाकाबरोबर फिरतो, कोन एक्सलच्या टोकावर थांबून राहतो.

या दोन भागांवर खुणा उमटतात, आणि प्रत्येक खूण वेगळी गोष्ट सांगते. रोलर निळे किंवा गडद तपकिरी पडलेत, तर उष्णता झाली: ग्रीस संपलं किंवा नट जादा आवळला. रोलरच्या जाड टोकाला, जिथं ते कोनाच्या कडेला टेकतात तिथं, खरवडल्याच्या रेघा असतील तर नट आवळल्याचा संशय पक्का. कपमध्ये रोलर जेवढ्या अंतरावर असतात बरोबर तेवढ्याच अंतरावर काळपट-तांबूस पट्टे दिसले, तर पाणी आत राहून ट्रॉली बरेच दिवस उभी होती. तशाच अंतरावर खोलगट दबके असतील तर दणका बसलाय, किंवा बसवताना कोणीतरी हातोड्यानं कोनावर प्रसाद दिलाय. पृष्ठभागाचे पापुद्रे निघाले असतील तर तो थकवा, म्हणजे वजन आणि वय. आणि कपमधला चकचकीत पट्टा पूर्ण रुंदीचा नसून एका कडेला सरकलेला किंवा तिरका असेल, तर हब एक्सलवर सरळ बसतच नाही.

माझ्या कपमध्ये पट्टा कडेला सरकला होता. आणि आतल्या कोनाचं भोक, म्हणजे जिथं तो एक्सलवर बसतो ती बाजू, आरशासारखी घासून चकाकत होती. नवा कोन असा चकाकत नाही. तो जागेवर न थांबता एक्सलवरच फिरत होता.

दुखणं एक्सलचं होतं

मग हब पूर्ण उतरवून एक्सलचं टोक पुसलं. आतल्या कोनाच्या बैठकीवर चक्क सेंटर पंचनं मारलेले ठिपके दिसले, चांगले तीस-चाळीस. ट्रॉली मी जुनी घेतलेली आहे. आधीच्या कुणीतरी झिजलेल्या बैठकीवर ठिपके उठवून कोन ‘घट्ट’ केला होता. हा जुगाड तुम्हीही पाहिला असेल, हजारदा होतो. ठिपक्यांच्या टोकांवर कोन दोन-चार खेपा घट्ट बसतो, मग ती टोकं दबतात आणि सगळं आधीपेक्षा सैल होतं.

लेथवाल्याकडून मायक्रोमीटर आणून मापलं. आडवं माप ६४.९ मिलिमीटर. उभं माप ६४.४. हवं होतं ६५ च्या अगदी जवळ. उभ्यात झीज जास्त का, हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. एक्सल फिरत नाही, त्याच्यावरचं वजन सदा खाली दाबतं, म्हणून कोन कायम एक्सलच्या खालच्या अंगाला टेकलेला असतो. झिजतं ते तिथंच. वरून बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत, छान वाटतं. म्हणून मापताना एकदा आडवं आणि एकदा उभं माप घ्या. एकाच मापावर विसंबलात तर फसाल. मायक्रोमीटर नसला तर धुतलेला नवा कोन बैठकीवर सरकवून वर-खाली हलवून बघा. कोन हातानं सरकत जायला हवा, ते बरोबरच आहे, ठोकावा लागता कामा नये. पण बसल्यावर तो डुगडुगला तर बैठक गेली.

आता साखळी लावून बघा. बैठक झिजली म्हणून हब किंचित कलला. हब कलला म्हणून ऑइल सील एका बाजूनं दाबलं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडं पडलं. फडातल्या पाण्यातून चाक गेलं की तिथून काळ्या रानाचा राडा आत. ग्रीसचं झालं ताक: पांढरट, पातळ, पाणीदार. ते वाहून गेलं, बेअरिंग कोरडं पडलं, तापलं, जळलं. मिस्त्रींना ग्रीस कमी दिसलं ते खरंच होतं. ग्रीस कमी का झालं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

उपाय काय, यावर बाजारात दोन मतं आहेत. एक, बैठकीवर वेल्डिंग भरून लेथवर पुन्हा ६५ ला आणायचं. स्वस्त आहे, दोन तासांत होतं. पण एक्सलच्या टोकावर, जिथं सगळा भार वाकवायला बघतो, तिथंच वेल्डिंगची उष्णता दिली की आजूबाजूचं पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि टोक एक दिवस मुळातून तुटू शकतं. हंगाम ढकलायला कुणी केलं तर मी नावं ठेवणार नाही, पण भरल्या ट्रॉलीखाली मला ते नको होतं. मी अख्खा एक्सल बदलला. बसवताना ट्रॉलीच्या पुढच्या जोडापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत फीत लावून अंतर सारखं आहे का तेही बघितलं. डावीकडे १२ मिलिमीटर कमी निघालं. पाट्याचा (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) मधला बोल्ट तुटून एक्सल सरकला होता. म्हणजे चाक वाकडं ओढलं जात होतं, आणि त्या टायरची आतली कड जास्त का झिजते याचंही उत्तर मिळालं. यू-बोल्ट आवळताना हे माप घ्यायला पाच मिनिटं लागतात.

हबकडेही बघा. कप हबमध्ये हातानं फिरत असेल तर हबचं भोक मोठं झालंय. पत्र्याची पट्टी घालून किंवा पुन्हा पंच मारून तो बसवू नका. हब बदलावा लागतो.

नवं बसवताना

ट्रॉली रिकामी, सपाट आणि पक्क्या जागी. बाकीच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे. जॅकवर उचलून एक्सलखाली लाकडी ओंडका लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. मऊ रानात जॅक खचतो, हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी विसरतं.

कप आणि कोन जोडीनं बदला. पहिल्या खेपेला आम्ही नुसता कोन बदलला, कप जुनाच ठेवला. खराब कपवर नवे रोलर म्हणजे उखडलेल्या रस्त्यावर नवं टायर. कप काढताना आणि बसवताना पितळी किंवा मऊ लोखंडी दांडी वापरा, चहूबाजूंनी थोडं थोडं ठोका. जुना कप नव्यावर उलटा ठेवून ठोकला तर सरळ जातो. तळाला टेकला की आवाज बदलतो: आधी बद बद, मग खणखणीत. तो आवाज येईपर्यंत थांबू नका. अर्धवट बसलेला कप पुढे चालताना खाली सरकतो आणि मग दोनच खेपांत चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो.

धुतलेलं बेअरिंग वाळू द्या. डिझेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगरा फिरवायचा खेळ नको. आवाज मस्त येतो, पण ग्रीसाशिवाय त्या वेगानं रोलर आणि रिंग ओरखडतात आणि पिंजरा सुटून रोलर तोंडावरही उडू शकतो.

ग्रीस भरणं म्हणजे वरून थापणं नव्हे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, कोनाची जाड बाजू त्यावर दाबून दाबून ओढा, पिंजरा आणि आतल्या रिंगमधल्या फटीतून ग्रीस वर येईपर्यंत. मग कोन थोडा फिरवा, पुन्हा तेच. आमचे आबा बैलगाडीच्या कण्याला वंगण घालत तेसुद्धा असंच, आरामात आणि पूर्ण. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरू नका. तिसरा हिस्सा ते निम्मं पुरे. गच्च भरलं तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, फुगतं आणि सील ढकलून बाहेर येतं. मग त्याच वाटेनं पाणी आत येतं.

हबला ग्रीस निपल (पंपानं ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या ट्रॉलीवाल्यांची एक समजूत असते की हंगामात चार वेळा पंप मारला की काम झालं. निपलमधून गेलेलं ग्रीस दोन बेअरिंगांच्या मधल्या पोकळीत भरतं. ते रोलरपर्यंत गेलं की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि जोरात पंप मारला तर सगळ्यात कमजोर वाट शोधतं, म्हणजे सील. मागच्या बाजूनं ग्रीस बाहेर आलं की लोक खूश होतात, ‘भरलं!’ म्हणतात. सील उलटलं असतं. निपल असलं तरी वर्षातून एकदा हब उतरवावाच लागतो.

सीलची स्प्रिंग दिसणारी बाजू हबच्या आत, ग्रीसकडे. चिखलात चालणाऱ्या गाडीला दोन ओठांचं सील मिळालं तर तेच घ्या, बाहेरचा ओठ धूळ-चिखल अडवतो. आणि एक्सलवर सीलचा ओठ जिथं घासतो तिथं नखानं चाचपून बघा. खाच पडली असेल तर नवं सीलसुद्धा गळेल. अशा वेळी जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर मागं-पुढं बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या पृष्ठभागावर येतो.

नट आवळणं ही सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी पायरी. “सैल नको” म्हणून गडी पान्याला पाईप लावून आवळतात. टेपर बेअरिंग असं आवळलं की रोलर दोन रिंगांच्या मध्ये चिरडले जातात. पद्धत अशी: एका हातानं चाक फिरवत राहा, दुसऱ्या हातानं नट आवळा, चाक जड फिरायला लागेपर्यंत. यानं रोलर आपल्या जागेला बसतात. मग नट साधारण पाव फेरा सैल करा, बोटांनी टेकेल एवढाच परत फिरवा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर सैल करण्याच्या दिशेनं जुळवा, आवळण्याच्या नाही. चाक वर-खाली धरून हलवलं तर जाणवेल-न जाणवेल एवढा प्ले राहायला हवा; डायल गेज लावलात तर पाव मिलिमीटरच्या आत. स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा वापरली की ती तिथंच तुटते, आणि खिळा किंवा तार घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या ट्रॉलीमागून जात नाही.

नवे कप-कोन टाकले असतील तर पहिल्या भरल्या खेपेनंतर प्ले पुन्हा बघा. सगळं थोडं बसतं.

ग्रीस कोणतं?

चाकासाठी लिथियम बेसचं ग्रीस, आपल्याकडे साधारण ३ नंबरचं मिळतं, ते चालतं. लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास वितळून ठिबकायला लागतं. स्वस्तातलं कॅल्शियम ग्रीस शंभराच्या आतबाहेरच पातळ होतं. ते पाण्याला दाद देत नाही, पाट्यांना आणि पिनांना ठीक आहे, पण चाकात नको. वेगवेगळ्या बेसची ग्रीस एकत्र मिसळली तर काही जोड्या पातळ होऊन वाहतात. रंगावरून काही कळत नाही, लाल-निळा-पिवळा हा नुसता घातलेला रंग आहे. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. नेमकं ठाऊक नसेल तर जुनं सगळं धुऊन काढूनच नवं भरा. आणि डब्याचं झाकण लावा, राव. गोठ्याशेजारी उघडा डबा, त्यात भुसा आणि वाळू, आणि मग म्हणायचं कंपनीनं फसवलं.

पावसाळ्यात काय होतं

हंगाम संपला की ट्रॉली बांधाला लागते आणि जून ते ऑक्टोबर तिथंच. एखादं चाक चिखलात रुतलेलं. थकलेल्या सीलमधून ओल आत जाते आणि रोलर जिथं टेकलेत नेमकं तिथं गंजाचा पट्टा उमटतो. कारखान्याचं धुराडं पेटल्यावर दोन-तीन आठवड्यांत बेअरिंग आवाज करायला लागतं आणि आपण म्हणतो, ‘आत्ताच तर सुरुवात झाली!’ दुखणं जुलैतलं असतं.

म्हणून उभी करताना ट्रॉली फरशीवर किंवा मुरमावर घ्या, चाकं फळीवर चढवा, आणि महिन्यातून एकदा थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे रोलर जागा बदलतात. खंडेनवमीला पूजा होतेच. त्याआधीच्या आठवड्यात आठही हब उतरवून, धुऊन, बघून, नवं ग्रीस भरायचं. दिवसाला दोन ते तीन चाकं होतात. एका हंगामात माझी गाडी सात हजार किलोमीटरच्या आसपास पळते, त्यातलं निम्मं भरलेलं. एवढ्यावर एकदा उतरवणं फार नाही.

रस्त्यात हब तापला तर

पाणी ओतू नका. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं की हबला तडा जाऊ शकतो. गाडी कडेला, सावकाश गार होऊ द्या. धूर येत असेल तर आधी आजूबाजूला लोंबणारं पाचट तोडून बाजूला करा. वाळलं पाचट आणि जळतं ग्रीस एकत्र आलं तर ट्रॉली वाचत नाही. पाण्याचा कॅन आणि माती हाताशी ठेवा, पण ती आग लागली तर पाचटासाठी. रात्र असेल तर मागं लांबवर दिवा, रिफ्लेक्टर, काय असेल ते लावा. दगड मांडलेत तर निघताना उचला. आपल्या गाडीमागचे दगड रस्त्यावर तसेच राहतात आणि पहाटे दूध घालायला निघालेला पोरगा त्यावर जातो.

गार झाल्यावर झाकण काढून बघा. रोलर शाबूत आहेत, फक्त नट आवळलेला आहे, असं दिसलं तर सैल करून, ग्रीस घालून, रिकाम्या ट्रॉलीनं हळूहळू जवळच्या गावापर्यंत नेता येईल. चाक कललं असेल किंवा पिंजऱ्याचे तुकडे दिसले तर एक मीटरही नेऊ नका, ऊस तिथंच दुसऱ्या गाडीत भरा. कोनाचा चुरा एकदा एक्सलच्या बैठकीवर फिरला की बेअरिंगबरोबर एक्सलही गेला.

आता माझ्या टूलबॉक्समध्ये दोन्ही नंबरची एक जोडी, सील, स्प्लिट पिना आणि ग्रीस भरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोन असतात. कारखान्याच्या तळावर नंबर लावून गाडी उभी केली की ड्रायव्हर आठही हबला उलटा हात लावत एक फेरी मारतो. नुसतं गरम आहे का, एवढं बघून भागत नाही. उन्हाच्या बाजूची चाकं जरा गरम असतातच. त्याच एक्सलच्या दुसऱ्या टोकापेक्षा वेगळं लागतंय का, ते बघायचं. हात दोन-तीन सेकंद ठेवता आला नाही तर तिथंच खोलायचं. खडूनं टायरवर तारीख टाकतो, कधी उतरवलं त्याची.

नव्या एक्सलवर ते डावं चाक या हंगामात आतापर्यंत गप्प आहे. पुढच्या ट्रॉलीचं उजवं मात्र परवापासून जोडीदारापेक्षा किंचित जास्त गरम लागतंय. रविवारी नो-केन, म्हणजे उसाअभावी कारखाना बंद, आहे म्हणतात, तेव्हा उतरवणार आहे. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, लेथवाल्याचा मायक्रोमीटर आदल्या दिवशीच आणून ठेवा.